कुपी उघडली, गुरुजी पडले

जून २०२१. पेरणी तोंडावर आलेली आणि चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात कोरोनाची लस घ्यायला कोणी तयार नाही. लोकांना समजावण्याचं काम अर्थातच मास्तराच्या गळ्यात.

लोकांचं म्हणणं सरळ होतं. ताप भरला तर दोन दिवसांची मजुरी कोण देणार? पाऊस पडल्यावर दुखऱ्या दंडानं तिफण कोण धरणार? यावर मला उत्तर सुचेना, म्हणून मी इतिहास सांगू लागलो. "हाफकिन साहेबानं १० जानेवारी १८९७ ला मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली!"

"त्यानं घेतली," पारावरची आजी म्हणाली. "तुमी घेतली काय, गुरुजी?"

पंचेचाळिशीच्या पुढच्यांना १ एप्रिलपासून लस खुली होती आणि मी पन्नाशीला टेकलेला. माझ्याकडे कारणं भारदस्त होती. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचे निकाल येण्याआधीच परवानगी कशी? कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर सारखं का वाढतंय? प्रश्न रास्तच होते. पण भेंडवळच्या घटमांडणीचं पीक-पाण्याचं भाकीत ऐकून कपाशी की सोयाबीन ते ठरवताना मी कधी कुठल्या टप्प्याचे निकाल मागितले नव्हते. खरं कारण एकच, सुई. ते चारचौघांत सांगता येत नाही, मास्तराला तर नाहीच.

शिबिराच्या दिवशी आजीनं मला घरातूनच उचललं. कोविशिल्डची कुपी दहा जणांची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून सिस्टर दहा डोकी जमेपर्यंत कुपीला हात लावेनात. दहावा मी. नवांनी एकमुखानं मला पुढे केलं. कुपी उघडली, बाही वर गेली, सुई दिसली आणि दंडाला टेकण्याआधीच मी खुर्चीवरून खाली.

डोळे उघडले तेव्हा रांग गायब. "अजून टोचलंच नाही हो, नुसते घाबरले!" सिस्टर व्हरांड्यातून ओरडत होत्या, पण ऐकायला कोणी थांबलं असेल तर ना! "गुरुजी पडले" ही बातमी तासाभरात शेजारच्या गावी "गुरुजी गेले" होऊन पोचली. तिथून साडूचा फोन आला. मी स्वतः उचलल्यावर तो जास्तच घाबरला.

इकडे कुपीचे चार तास सरत होते. सिस्टरनी मला बाकावर आडवं करून, डोळे मिटायला लावून टोचलं. अर्धा तास बसवलं आणि मग आजीच्या ताब्यात दिलं. तिनं मला गल्लोगल्ली हिंडवलं. "पाहा लेकहो! सुई पाहून पडले, टोचल्यावर उठले!"

कुपी संपली.

ठरलेल्या ८४ दिवसांनंतर दुसऱ्या डोसला गेलो, तर सिस्टरनी दारातच अडवलं. "गुरुजी, तुम्ही सगळ्यात शेवटी. लोक घरी गेले की बोलावते."