बाथरूमचे स्थलांतर : गृहस्थांसाठी शास्त्रशुद्ध मार्गदर्शन

फ्लॅटमधले बाथरूम हलवायचे ठरले की सर्वप्रथम टाइल्स निवडाव्यात. सांडपाणी कुठून जाणार, असे या टप्प्यावर विचारणाऱ्याला अपशकुनी समजावे. मग वास्तुतज्ज्ञ. ते ईशान्येला हात लावू देणार नाहीत, वायव्य सुचवतील. इमारतीचा सांडपाण्याचा उभा पाइप आग्नेयेच्या डक्टमध्ये असतो, पण त्याचे मत कोणी घेत नाही.

आता थोडे गणित. नावडत असल्यास गाळावे, बहुतेक जण गाळतातच. कमोडचा पाइप ११० मिलिमीटरचा. त्याला ४० ला १ असा ढाळ द्यायचा, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. नवी जागा ४ मीटर लांब असली तर १० सेंटिमीटर ढाळातच गेले. त्यात पाइपाचे ११, वर कोबा, वर त्या लाडक्या टाइल्स. बाथरूमचा स्लॅब मुळात फूटभर खाली टाकतात तो यासाठीच. बेडरूमचा तसा नसतो. तेव्हा एक तर नव्या कमोडवर दोन पायऱ्या चढून राज्याभिषेकाला गेल्यासारखे जावे, नाही तर स्लॅब भोकून पाइप खालच्यांच्या छताला लटकवावा. सोसायटीला अर्ज देताना ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहावे.

प्लंबर ढाळाची परीक्षा मगभर पाण्याने घेतो. ‘जातंय की साहेब!’ मगभर पाणी कुठूनही जाते. बादली ओतण्याचा आग्रह धरू नये, माणूस दुखावतो. काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन टाका, असेही सुचवू नये.

न्हाणी ट्रॅपमध्ये साठून राहणारे ५० मिलिमीटर पाणी गटाराचा वास अडवते. फरशीकाम चालू असताना त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलेला असतो. तो कामगारांनी लवकर काढला, की फरशी धुतलेले सिमेंटचे पाणी आत उतरते आणि बेंडमध्ये निवांत दगड होऊन बसते.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी तुंबवून दोन दिवस खालचे छत पाहण्याची चाचणी असते. मुहूर्त जवळ असेल तर ती वगळावी. पुढे ती आपोआप होते, आणि निकाल घेऊन खालचे काका स्वतः वर येतात, मोबाइलमध्ये छताचे फोटो असतात. त्यांना आदराने बसवावे. चहा विचारावा. पाणी विचारू नये.