दोन पडदे, एक पूर्णाकार

संगणकाच्या मेजावर दोन पडदे शेजारी शेजारी मांडून बसलेल्या सद्गृहस्थाने एका पडद्यावरील खिडकी पूर्णाकार करताच दुसऱ्यावरील सर्व कामकाज अंतर्धान पावून तेथे केवळ करड्या कापडाचे चित्र उरावे, ही जी दिव्य व्यवस्था ॲपल कंपनीने २०११ साली 'लायन' प्रणालीत अमलात आणली, तिचे मर्म जाणण्यास परदेशी अभियंत्यांपेक्षा आमच्या मराठवाड्याचा माणूसच अधिक लायक होता. एकाने वाढावयाचे म्हणजे शेजाऱ्याने रिते दिसावयाचे, याहून निर्मळ तत्त्व ते कोणते? कंपनीस मात्र आपल्याच प्रतिभेचे मोल कळले नाही; २०१३ साली 'मॅव्हरिक्स'मध्ये तिने प्रत्येक पडद्यास स्वतंत्र अखत्यार बहाल करून एक थोर परंपरा खालसा केली.

असला अविचार आमच्याकडे घडत नाही. २००९ साली मराठवाड्याचे दुसरे महसूल आयुक्तालय नांदेडच्या पदरी पडणार असे जाहीर होताच, आपल्या पडद्यावर कापड पसरले जाणार हे लातुराने तत्काळ ओळखले, आणि मोर्चे निघून प्रकरण न्यायालयात गेले. (नांदेड पूर्णाकार झाल्यास लातूर दिसणार नाही, लातूर झाल्यास नांदेड, हिशेब चोख आहे.) तेव्हा दोन्ही पडद्यांवर समान कापड अंथरावे, म्हणजे मत्सरास जागाच उरत नाही, ही अंतिम सुधारणा कोणा अभियंत्यास आजवर सुचली नसली तरी आम्ही ती यशस्वीपणे राबवली आहे.

आठही जिल्ह्यांचे आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरात आहे.