दुसरी पीएसपी पाहुण्यांसाठी

जळगाव-धुळे अपडाऊन करणाऱ्यांच्या तीन जाती. पहिली पाळधी यायच्या आत घोरायला लागते. दुसरी एरंडोलपर्यंत महागाई भत्त्यावर बोलते आणि पारोळ्यापासून पगारवाढीवर. तिसऱ्या जातीत सभासद फार थोडे, पण एखादा तरी प्रत्येक बसमध्ये असतोच. आमच्या बसमध्ये ते दादा आहेत. चाळिशी उलटलेली, कपाळाला गंध, मांडीवर डबा, आणि दोन्ही हातांत पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र. नव्या कंडक्टरला ते तिकिटाचं मशीनच वाटलं होतं. "कोनत्या डेपोचं भो?" असं त्यानं आस्थेनं विचारलंही.

हे यंत्र दुकानांत पाठवणं सोनीनं २०१४ साली बंद केलं. दादांनी ते मनावर घेतलेलं नाही. त्यांच्या यंत्रात एकच चकती कायमची मुक्कामाला आहे: 'डिसिडिया फायनल फँटसी'. जपानात डिसेंबर २००८ मध्ये निघालेला मारामारीचा गेम. मूळ 'फायनल फँटसी' ही गेमची मालिका म्हणजे निवांत कारभार. गावोगाव हिंडा, हत्यारं जमवा, भेटेल त्याची कर्मकहाणी ऐका. 'डिसिडिया'नं पहिल्या १० भागांतला एकेक नायक आणि त्याचा एकेक वैरी उचलला आणि सगळ्यांना एकाच आखाड्यात सोडलं. नायक कॉसमॉस देवीच्या पक्षात, वैरी केऑस देवाच्या.

बाकीचं जग नायक क्लाउड आणि त्याचा वैरी सेफिरोथ यांच्या तलवारींवर खूश. दादांचा जीव घरगुती भांडणांत. नायक टायडसचा बाप जेक्ट वैऱ्यांच्या गोटात आणि पोराला रडका म्हणून हिणवणारा, हे त्यांना अजिबात परकं वाटत नाही. सेसिल आणि गोल्बेझ तर सख्खे भाऊ. थोरला केऑसकडे, धाकटा कॉसमॉसकडे, आणि थोरला आतून धाकट्याला मदत करतो. "म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखंच," दादा म्हणतात.

हे वेड लागलं ते भारनियमनाच्या दिवसांत. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि वीज दुपारी जायची ती परत कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नसायचं. टीव्हीला गेम जोडून खेळणारी गल्लीतली पोरं ओट्यावर गळपटून बसायची. दादांची बॅटरी मात्र सकाळीच भरलेली असायची. घामानं थबथबलेले ते एका कोपऱ्यात जगाचं रक्षण करत असायचे.

या गेमची खरी गंमत मारण्याच्या पद्धतीत आहे. वार दोन प्रकारचे. गोल बटण दाबलं की 'ब्रेव्ह'चा वार. त्यानं समोरच्याला इजा काही होत नाही, त्याची हिंमत तेवढी कमी होते आणि आपल्या खात्यात जमा होते. चौकोनी बटण दाबलं की 'एचपी'चा वार. जमवलेली हिंमत तेव्हा कुठं समोरच्याच्या अंगावर फुटते, आणि मग आपलं खातं रिकामं होऊन पुन्हा भरत बसावं लागतं. नुसतं गोल बटण दाबत राहिलं तर लढाई संध्याकाळपर्यंत चालेल आणि कुणीच मरणार नाही. माझं मत विचाराल तर हा गेम ज्यानं रचला त्यानं खान्देशातली भाऊबंदकी एकदा तरी जवळून पाहिलेली असणार.

दादांची रावेरकडची दीड एकर केळी हे त्या भाऊबंदकीचं उदाहरण. थोरले भाऊ धुळ्याला देवपुरात राहतात. वाटणीचं बोलणं दर श्रावणात होतं, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कारण कानबाई देवी जळगावच्या घरी बसते आणि रोट खायला भाऊबंद जमावेच लागतात. योगायोग असा की गेममध्ये सुरुवातीलाच आपला लाभाचा दिवस निवडायचा असतो आणि दादांनी रविवार निवडलेला. बाहेर कानबाईची गाणी, चुलीवर गंगाफळाची भाजी, आणि दादा माजघरात पीएसपी घेऊन.

थोरले सुरू करतात, "पाइपलाइन कोनी टाकली?" दादा पडदा सारून, "अन् आबाच्या दवाखान्याचं बिल?" थोरले, "टिश्यूकल्चरची रोपं कोनी आनली?" दोघांचीही हिंमत वाढत वाढत अशा आकड्याला पोचते की आता एकच शब्द, 'मोजणी', आणि खेळ खलास. तेवढ्यात माय हाक मारते, "चला रे, पानं वाढली." दोघंही मुकाट जेवायला बसतात. २०११ साली 'डिसिडिया'चा दुसरा भाग आला, त्यात कळलं की संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी ही लढाई पहिल्या भागात झाली ती तेरावी. गेमवाले थक्क झाले. दादा नाही झाले.

त्यांचं एक दुःख आहे. समोरासमोर खेळायला दुसरी पीएसपी लागते, तिच्यात दुसरी चकती लागते, आणि ती बाळगणारा माणूस जळगावात सापडेना. म्हणून दादांनी दोन्ही वस्तू जुन्यात मिळवल्या. दुसरी पीएसपी काचेच्या कपाटात, नव्या कपबश्यांशेजारी असते. पाहुणा आला की चहाबरोबर ती पुढे येते. पाहुणा चहा घेतो.

यंदाच्या कानबाईला थोरल्यांच्या पोरानं ती हातात घेतली. त्यानं केफ्का निवडला, तो खदाखदा हसणारा विदूषक. दादांनी सेसिल. दादांचा खेळ म्हणजे नजाकत: हवेत उडणं, गोल गोल गोल, हिंमत चार आकड्यांत. पोरानं मिनिटभर मार खाल्ला, मग चौकोनी बटण सापडलं आणि तो तेच बडवत सुटला. सेसिल आडवा. पुन्हा लावला, पुन्हा आडवा. पोरानं काकांचं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. गोल बटणावरची खूण पार घासून गेली होती, चौकोनीवरची कालच दुकानातून आणल्यासारखी.

"काका, हे दाबतच नाही का तुम्ही?"

"वेळ आली की दाबतो."

सोमवारी विसर्जन आटोपून थोरले निघाले. "मंग, पुढच्या कानबाईले बोलू केळीचं," ते म्हणाले. "बोलू ना भो, घाई काय," दादा म्हणाले. पोरगं पिशवीत ती दुसरी पीएसपी घालून रिक्षात चढत होतं. दादांनी रिक्षाचा दांडा धरला, पिशवीत हात घातला, यंत्र काढून घेतलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे इथंच राहील. वाटणीत हे नाही!"