लंडन, मार्गे हिंगणघाट

वर्ध्याहून लंडन आष्टीच्या बाजूला आहे. रोम आर्वीच्या रस्त्यानं, न्यूयॉर्क कारंजा घाडगेच्या अंगाला आणि टोकियो नागपूरच्या जरा उजवीकडं. हे कुणाला थट्टा वाटेल, पण हा निव्वळ गोलावरच्या भूमितीचा मामला आहे. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, वर्ध्यावर बोट ठेवा आणि तिथून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणा. दोरा अरबी समुद्राकडं ढुंकूनही पाहत नाही. तो सरळ वर चढतो आणि रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड करत अमेरिकेत उतरतो. रेडिओच्या लहरींनाही हीच वाट ठाऊक असते. त्यामुळे हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या भिंतीवर जो नकाशा असतो त्यात आपलं गाव मधोमध आणि बाकी जग भोवती वेडंवाकडं पसरलेलं असतं. असा नकाशा लावला की माणसाचा स्वभाव थोडा बिघडतो. माझा बिघडला.

लंडन आष्टीकडं निघावं याचं मला विशेष वाटलं होतं. 1942 च्या ऑगस्टात याच आष्टीतले लोक इंग्रजांच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळ्या खाल्ल्या, आणि गावाच्या नावापुढं आजही 'शहीद' लागतं. त्याच साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र जागा बदलत-बदलत चालवत होते आणि नोव्हेंबरात पकडले गेले. त्यांना यंत्र उभारून देण्यात नरिमन प्रिंटर या हॅमचा हात होता. युद्धामुळं सगळ्या हॅम मंडळींचे परवाने सरकारनं तेव्हा काढून घेतले होते. म्हणजे त्या काळात लोक तुरुंगाची तयारी ठेवून अँटेना लावत. मला शेजाऱ्यांची परवानगी काढतानाच घाम फुटला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर कुणी शेती बघतं, कुणी पारायणाला बसतं. मी दिल्लीच्या वायरलेस खात्याच्या परीक्षेला बसलो. वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी मोर्स कोड मिनिटाला आठ शब्द या गतीनं यावा लागायचा. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चमच्यानं सराव करायचो. परवान्याच्या चौकशीला आलेल्या पोलीसदादांनी विचारलं, "सर, वायरलेस कायले पाहिजे तुम्हाले? मोबाइल आहे ना?" या प्रश्नाचं नीट उत्तर मला अजूनही देता आलेलं नाही. घरात मी वेगळी बाजू मांडली होती. 1993 च्या सप्टेंबरात लातूर-उस्मानाबादकडं भूकंप झाला, तेव्हा फोन बंद पडलेल्या भागातून हॅम लोकांनी निरोप पोचवले, हे सौ.ला साग्रसंगीत सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, वर्ध्यात भूकंप आलाच तर आधी तुमचा टॉवरच पडन ना आपल्या स्लॅबवर."

टॉवर मात्र पडला नाही. तो बांधणारा पक्का होता. वेल्डिंगचं दुकान चालवणारा हा माझा जुना विद्यार्थी, बारावीला मी फिजिक्समध्ये काठावर नापास केलेला. त्यानं ते मनात ठेवलं नव्हतं, निदान तसं म्हणाला. तीन पाय, मध्ये तिरक्या पट्ट्या, स्लॅबपासून बारा मीटर उंच, तिन्ही बाजूंनी ताणाच्या तारा आणि त्यांना आवळायला टर्नबकल. मुहूर्त मी काढला होता, त्यामुळं तो नवतपात निघाला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मे महिन्याच्या अखेरीस नऊ दिवस सूर्य आमच्यावर खास लक्ष ठेवून असतो. ॲल्युमिनियमचे पाइप हातात धरवत नव्हते. स्लॅबवर सौ.च्या कुरड्या वाळत होत्या, त्या आमच्या आधी तयार झाल्या.

अँटेना यागी जातीची. जपानात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी 1926 साली ती जगापुढं आणली. तुम्ही ती पाहिलेली आहे, दूरदर्शनच्या काळात घरोघरच्या कौलांवर ती असायची. घरातला धाकटा मुलगा वर चढून तिला फिरवायचा आणि खालून सगळं घर ओरडायचं, "आलं! आलं! गेलं!" माझी यागी तिचीच थोरली बहीण. तीन आडव्या काड्या, चौदा मेगाहर्ट्झसाठी. सगळ्यात लांब काडी साडेदहा मीटरच्या आसपास, म्हणजे एक टोक आमच्या स्लॅबवर आणि दुसरं शेजाऱ्यांच्या आंब्यावर. आणि धाकटा मुलगा पुण्याला नोकरीत असल्यामुळं तिला फिरवायला रोटेटर हवा.

तयार रोटेटरची किंमत ऐकून मी तो घरी बनवायचं ठरवलं. भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणली, तिला पुढं दात्यांची चाकं जोडून गती इतकी उतरवली की एक फेरी मारायला मिनिटभर लागावं. खाली टेबलावर एक डबा, त्यावर डावं-उजवं बटण, आणि काटा फिरणारी तबकडी. तबकडीवर मी अंश लिहिले नाहीत. आष्टी, कारंजा, सेलू, नागपूर, हिंगणघाट, पुलगाव अशी गावं सुबक अक्षरात लिहिली आणि कंसात लंडन, न्यूयॉर्क वगैरे. पाहुण्यांना मी हा डबा चहाच्या आधी दाखवत असे.

यागीला तोंड असतं. आखूड काडी पुढं, लांब काडी मागं. ज्या दिशेला आखूड काडी, तिकडं आवाज जोरात जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला नेमकं उलट वाटतं. हे मी जाणून होतो, म्हणून अँटेना वर चढवताना खाली स्लॅबवर छत्री घेऊन उभा राहिलो आणि काटा आष्टीवर आणून ठेवला. वरून आवाज आला, "सर, याचं तोंड कोणीकडं ठेवू जी?" मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "लांब काडी मागं!" तो टॉवरच्या आष्टीकडच्या अंगाला पट्टा बांधून, हिंगणघाटकडं तोंड करून लटकला होता. त्यानं लांब काडी मागं ठेवली. स्वतःच्या मागं.

त्या संध्याकाळी मी युरोपला हाका मारल्या. काटा आष्टीवर. "सीक्यू, सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म..." उत्तर आलं सिडनीजवळच्या एका आजोबांचं. सिग्नल खणखणीत, जणू गोल बाजारातून बोलतायत. नंतर मेलबर्न. नंतर पुन्हा सिडनी. लंडनचा एक जण आला, पण विहिरीच्या तळातून. मी काटा हिंगणघाटकडं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दिशेला नेला, तर ऑस्ट्रेलिया नाहीसा झाला आणि इटलीचा एक गृहस्थ कानात किंचाळला.

अशा वेळी साधा माणूस वर बघतो. मी फिजिक्सचा माणूस, मी आयनांबराकडं बघितलं. सूर्यावरच्या डागांचं चक्र, संध्याकाळचे थर, विषुववृत्ताची जवळीक, असं सगळं वहीत मांडलं आणि एक सिद्धांत तयार केला. वर्ध्याच्या आकाशात काही खास परिणाम घडतो, असा त्याचा मथितार्थ. सिडनीच्या आजोबांनी एकदा विचारलं, अँटेना आमच्याकडं आहे ना? मी म्हटलं, नाही, युरोपकडं आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग तुमच्या अँटेनाची पाठ फारच उत्तम आहे. मी आभार मानले.

सिद्धांत जून लागेपर्यंत टिकला. मग वेल्डर उरलेले पैसे मागायला आला. चहा पीत त्यानं वर बघितलं.

"सर, लंबी काडी आष्टीकडं आहे."

"मग?"

"लंडन आष्टीकडं म्हणले होते ना तुम्ही?"

मी कप खाली ठेवला. पृथ्वी गोल आहे, हे मग मी त्याला समजावलं. लंडन इथून सरळ वाटेनं साडेसात हजार किलोमीटर, पण उलट दिशेनं, हिंगणघाट, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक करत गेलं तरी शेवटी लंडनच येतं, साडेबत्तीस हजार किलोमीटरवर. याला लाँग पाथ म्हणतात आणि हॅम लोक तो मुद्दाम वापरतात. हे सगळं शंभर टक्के खरं आहे. त्यानं मान हलवली. "हौ जी. म्हंजे आपण मुद्दाम केलं." त्या 'आपण'मध्ये मोठेपणा होता. त्याला चार मार्क वाढवून द्यायला हवे होते, असं मला सेवेत असताना कधी वाटलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. वर जायचं, क्लॅम्प ढिला करायचा, अर्धं वर्तुळ फिरवायचं. पण त्याला दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवाचं काम होतं आणि मला धीर नव्हता. मी पट्टा बांधून स्वतःच चढलो. टॉवर खालून दिसतो त्यापेक्षा वरून उंच असतो. निम्म्या उंचीवर मला कळलं की पाना खिशात नाही, आणि त्याच वेळी हेही की खाली उतरण्यासाठी पाय आधी सोडावा लागतो. गल्ली गोळा झाली. "सर, खाली पाहू नका!" "सर, रस्सी फेकू का?" पोट्टे मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिले होते. शेवटी वेल्डर मांडव सोडून आला, माझ्या खाली चढला आणि एकेक पाऊल पट्टीवर ठेवून देत मला उतरवलं. मग तो वर गेला आणि पाच मिनिटांत काम करून आला.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण रोटेटर कुठं थांबायचं हे सांगणारा स्विच, जो मीच बसवला होता, पहिल्या पावसात गंजला. मी बटण दाबलं आणि फोन आला म्हणून उठून गेलो. परत येईपर्यंत अँटेना एकाच दिशेनं फिरत होती आणि कोॲक्स केबल खांबावर गुंडाळली जात होती. गांधींच्या जिल्ह्यात टॉवरनंही सूतकताई सुरू केली होती, फक्त चातीवर माझी महागडी केबल होती. ती ताणली गेली, कनेक्टरमधून सुटली, आणि आतली तांब्याची तार उघडी पडली. मी साधी काळी चिकटपट्टी गुंडाळून जोड पुन्हा बसवला. पावसाळ्यात अशा जोडातून पाणी शिरतं, ते वरच्या जाळीतून केबलीच्या पोटातून उतरत खाली येतं. पुस्तकात वाचलं होतं. श्रावणात ते रेडिओच्या मागच्या बाजूनं थेंब-थेंब टेबलावर आलं, तेव्हा पटलं. वर पाठवलेली निम्मी शक्ती परत येत होती, असं मीटर सांगत होता. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा असतो, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी तिथंच गळून जातं. तो मी दिला नव्हता, कारण भिंतीवर केबल सरळ दिसावी असा सौ.चा आग्रह होता. निदान मी तिला तसं सांगितलं.

वानरांचा विषय थोडक्यात उरकतो. आमच्याकडं काळतोंडी वानरांचे कळप आंब्यावरून स्लॅबवर आणि स्लॅबवरून टॉवरवर येतात. लांब काडी त्यांना झुलायला बरी पडते. एक मोठा हुप्प्या रोज सकाळी तिच्या टोकाला बसून हिंगणघाटकडं बघत असे. काडीचं टोक जिथं वाकलं, तिथून पुढं मी तिला सरळ केलेलं नाही.

लोकांच्या मनात टॉवर बसला तो भजनामुळं. एका गुरुवारी शेजारच्या मंदिरात भजन रंगात होतं, आणि मी आत बसून जपानला हाका मारत होतो. मंदिराच्या ॲम्प्लिफायरच्या लांबलचक वायरींनी माझी लहर पकडली. स्पीकरमधून मृदंगाच्या वर एक घोगरा, चावलेला, शब्द न कळणारा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण बोलणारा कोण हे सगळ्यांना कळलं. वायरींवर फेराइटची कडी घालून मी ते बंद केलं, प्रसादही घेतला. पण तेव्हापासून गल्लीत काहीही झालं तरी लोक आधी वर बघतात. नळ नाही आला, टॉवर. वायफाय अडकलं, टॉवर. सोयाबीनला ऐन वेळी पाऊस नाही आला, तेव्हाही एका काकांनी काड्यांकडं बोट दाखवून मान हलवली होती. वीज कडाडायला लागली की मी केबल काढून खिडकीबाहेर टाकतो आणि टॉवरच्या तिन्ही पायांना जमिनीत खोल तांब्याचं अर्थिंग दिलं आहे, हे मी सगळ्यांना सांगून बसलो. त्यामुळं उलट विजेची कल्पना त्यांच्या डोक्यात आली.

दसऱ्याच्या आसपास, नवी केबल, नवा स्विच, झोळसुद्धा. संध्याकाळी काटा आष्टीवर, आणि आखूड काडीही आष्टीवर, हे मी स्वतः स्लॅबवर जाऊन पाहून आलो. पहिल्याच हाकेला लंडनच्या उपनगरातला एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आला. पाच-नऊ, म्हणजे सिग्नल एकदम खणखणीत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यानं विचारलं, वर्धा म्हणजे नेमकं कुठं? मी सेवाग्राम म्हणालो, आणि पुढं आष्टीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओचा दिवा विझला. पंखा थांबला. सगळ्या गल्लीत अंधार झाला.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "सर, तुमच्या टॉवरनं लाइन गेली का जी?"

मी हो म्हणालो.