उत्तेजनार्थ तात्या

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात हा माणूस हमखास सापडतो. आमच्याकडे त्याला तात्या म्हणतात. तुमच्या गावी तो अण्णा किंवा बापू असेल. हुद्दा ग्रंथपाल, पगार विचारू नये, आणि ठाम समजूत अशी की गावातल्या प्रत्येक चौदा वर्षांच्या पोराच्या पोटात एक कादंबरी असते. ती बाहेर काढायची जबाबदारी १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याने आपल्यावरच टाकली आहे, असंही तात्यांना वाटतं. कायद्यात तसं कलम नाही. पण तात्यांना सांगणार कोण?

अनुदानाचा हप्ता लांबो, बालविभागाच्या कपाटाला वाळवी लागो, रविवारी सकाळी लेखनाचा कट्टा भरतोच. क्लासच्या चरकातून पोरं सोडवून आणायची तात्यांची स्वतःची पद्धत आहे. आईला गाठून ते म्हणतात, "वहिनी, दहावीच्या निबंधाला फायदा होतो हो." पोरगं आत आलं की पहिली सूचना : "इथं निबंध लिहायचा नाही."

दुसरी सूचना : "मोकळं लिहा, मनात येईल ते लिहा." त्यानंतर नियम. डावीकडे समास सोडा. पहिल्याच पानावर कुणाला मारू नका. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, कारण दुसऱ्या बाजूला गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आहे.

तात्या विषय देतात 'पहिला पाऊस'. पोरं लिहितात भुताचं होस्टेल. नववीतल्या एका मुलीच्या कथेत कोरियन गायक थेट आमच्या एसटी स्टँडवर उतरला आणि रसवंतीत नायिकेला भेटला. दुसरा कुणी कपाळाला हात लावता. तात्यांनी चष्मा वर सरकवून गंभीरपणे विचारलं, "कोरियाहून इथवर एकच गाडी? पुण्याला बदलली असणार. तेवढं घाल. आणि रस बिनबर्फाचा दे, त्याला गायचंय."

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी तात्यांची कथास्पर्धा. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक कुणालाच नाही, सगळ्यांना उत्तेजनार्थ. पालक भांडायला आले, तर तात्यांचं उत्तर तयार : "पहिला नंबर आला की पोरगं फोटो काढून मोकळं होतं. उत्तेजनार्थवालं चिडतं आणि पुन्हा लिहितं."

पण तात्यांचा खरा पराक्रम त्यापुढचा. कथा पूर्ण झाली की ते दाभण घेऊन बसतात. तिला पांढऱ्या दोऱ्याने शिवतात, खाकी पुठ्ठा चढवतात, पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का मारतात. दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, पाठीवर ८९१.४६३ चढतं, म्हणजे मराठी कथा-कादंबरीचा रीतसर वर्गांक, आणि पुस्तक देवघेवीच्या टेबलावर येतं. "लेखापरीक्षकाला हे काय म्हणून दाखवायचं?" कार्यवाह कुरकुरले. "भेट पुस्तक," तात्या म्हणाले. वर रंगनाथनांचा दाखला दिला. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. तिसरं सांगतं की पुस्तक आलं की त्याचा वाचक शोधून काढणं आपल्याकडे लागलं.

कोरियन गायकाला वाचक मिळाला तो पेन्शनर आप्पा. चार दिवसांत पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "शेवट गुंडाळलाय. पोरगी कोरियाला निघून गेली, मग तिच्या आईच्या गुडघ्यांकडे कोण बघणार? तिसऱ्या पानावर गुडघे दुखत होते, पुढे त्यांचं नावच नाही!"

लेखिका शेजारीच उभी होती. तात्यांनी "छान, छान" म्हटलं की ती नुसती मान हलवायची. आज कानापर्यंत लाल झाली. आपल्या कथेतले गुडघे कुणाच्या तरी लक्षात राहिले होते! ती तडक कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि वाचनालय बंद व्हायच्या वेळी तात्यांना दिवे घालवून तिला उठवावं लागलं.

शेवट दुरुस्त करायला तिने आपलंच पुस्तक स्वतःच्या कार्डावर घरी नेलं. परत आणलं ते मुदत उलटून गेल्यावर. तात्यांनी विलंब शुल्काची पावती फाडली.

"तात्या, माझंच पुस्तक आहे ना?"

"लिहिलंस तू. पण रांगेत चौघं थांबलेत, आणि आप्पा रोज येऊन गुडघ्यांची चौकशी करतायत. सुटे आहेत का?"