हिरवा झाला का?

त्याला गाठायचं तर दुपारी रसायनशास्त्र विभागाच्या स्टोअरपाशी जावं. हायड्रोजन पेरॉक्साइडची नवी बाटली कधी येणार, यावरून तो स्टोअरकीपरशी हुज्जत घालत असतो. जुन्या बाटलीत आता नुसतं पाणी उरलंय, हा त्याचा कायमचा आरोप. एका हातात ग्लव्ह, दुसऱ्या उघड्या हातात मोबाइल, आणि त्याच उघड्या हाताच्या बोटांवर काळपट तपकिरी डाग. ते हेमिनचे. साबणाने जात नाहीत.

अशी मुलं बऱ्याच विभागांत भेटतात. पीएचडीचं चौथं वर्ष, सिनॉप्सिस अडकलेला, विषय जी-क्वाड्रुप्लेक्स डीएनए आणि हेमिन. बाहेर कुणी विचारलं तर ‘डीएनएवर काम करतो’ एवढंच सांगून मोकळा होतो. त्यामुळे सोसायटीतले काका त्याला बाजूला घेऊन पितृत्वचाचणीचा दर विचारतात.

खोलात विचारायचं असेल तर तासभर हाताशी ठेवा. डीएनएच्या एका धाग्यात ग्वानिन भरपूर असले, की चार-चार ग्वानिन एका पातळीत येऊन चौकट करतात. चौकटींवर चौकटी रचल्या जातात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम बसून सगळं आवळून धरतं. या चौरंगावर हेमिनची स्थापना करायची. हेमिन म्हणजे रक्तातल्या हीमचं भावंड; पॉर्फिरिनचं चपटं कडं आणि मधोमध लोह. एकटं असताना अंग चोरून काम करतं. चौरंगावर बसलं की पेरॉक्साइड घेऊन एबीटीएसच्या रंगहीन द्रावणाला बघता बघता हिरवंगार करतं.

हा गुण १९९८ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात दीपांकर सेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिला. सेनांचं नाव घेताना आमच्या गड्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्यांच्या १८ अक्षरी धाग्याचं नाव पीएस२.एम, आणि ती अक्षरं हा जिना चढताना घोकतो : जी-टी-जी-जी-जी-टी-ए-जी-जी-जी-सी-जी-जी-जी-टी-टी-जी-जी. चुकला तर पुन्हा खालच्या पायरीवर.

त्याचा जन्मजात वैरी म्हणजे हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, एका झणझणीत मुळातून काढलेलं आणि जगभरच्या चाचणी-किटांत ठाण मांडून बसलेलं एन्झाइम. ‘‘प्रथिनाचं काय घेऊन बसलात? जरा तापलं की संपलं. आपला डीएनए उकळा, थंड करा, पुन्हा घडी घालून कामावर हजर!’’ यातलं उकळण्याचं अगदी खरं आहे. वेगात ते एन्झाइम याच्या डीएनएला सहज मागे टाकतं, हे त्याच्या सादरीकरणात शेवटच्या स्लाइडवर, बारीक टायपात असतं.

पण त्याला खरा छळतो तो ब्लँक. डीएनए नसलेली नळी रंगहीन राहायला हवी, पण हेमिन डीएनएवाचूनही थोडंफार काम करतंच, आणि ब्लँक हळूहळू हिरवट होत जातो. शिवाय पेरॉक्साइड खुद्द हेमिनलाच पोखरत असतं. म्हणजे फरक दाखवायचा तो पहिल्या काही मिनिटांत. त्या मिनिटांत तो गाइडचाही फोन घेत नाही. नुसते फोटो काढतो. आईने स्थळासाठी चांगला फोटो मागितला तेव्हा मोबाइलमध्ये ९६ खाचांच्या प्लेटखेरीज काही सापडलं नाही.

‘याचा उपयोग काय?’ असं मात्र विचारू नका. ग्लुकोज, पारा, विषाणूंचे जनुक, सगळ्यांची यादी ऐकावी लागेल. त्याचं लाडकं शिसं. शिसं पोटॅशियमला हुसकावून स्वतः आत शिरतं, डीएनएची घडी बदलते, हेमिनचं काम मंदावतं आणि हिरवा रंग फिका पडतो. त्यामुळे आमच्या गड्याचं फार सोयीचं झालंय. नळी हिरवी झाली तर डीएनए उत्तम चालतोय, नाही झाली तर शिसं सापडलं. बफर चुकला असेल, अशी शंका त्याला येत नाही, गाइडना येते.

प्रबंधात ‘प्रत्यक्ष नमुन्यांवर चाचणी’ हे प्रकरण लागतंच. म्हणून तो विभागाच्या नळाचं पाणी आणतो. त्यात शिसं सापडत नाही. मग स्वतःच मोजून शिसं घालतो, तेच मोजून बाहेर काढतो, आणि घातलेलं जवळजवळ सगळं मिळालं म्हणून कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजतो. त्याला हसू नका. या धंद्यातली ती मान्य रीत आहे, आणि शिसं किती घातलं हे तरी तो प्रामाणिकपणे लिहितो.

हल्ली तो गावोगावच्या विहिरींचं पाणी गोळा करत फिरतो. तुमच्या दारी आला तर बाटलीभर जरूर द्या. पाणी पिण्याजोगं आहे का, ते मात्र सरकारी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.