ग्रंथाला दिवस, दिवसाला सुट्टी नाही

सरकारला माणसाचा सत्कार करायचा असतो तेव्हा शाल आणि श्रीफळ पुरते. धर्मग्रंथाला शाल पांघरता येत नाही, म्हणून त्याला कॅलेंडरातला एक दिवस देतात. फिलिपिन्सने बायबलला तो दिला आहे. प्रजासत्ताक कायदा क्रमांक 11163 नुसार जानेवारीतला शेवटचा सोमवार हा तिथला 'राष्ट्रीय बायबल दिन'. डिसेंबर 2018 मध्ये या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आता प्रत्येक दिनाला काही ना काही दर्जा लागतो. या दिवसाचा दर्जा आहे 'विशेष कामकाजी सुट्टी'. उपासाची मिसळ मिळते त्या पुण्यातही असा शब्द कुणाला सुचला नसता. फिलिपिन्सच्या कामगार नियमांत नियमित सुट्टीला कामावर आलेल्याला दुप्पट मजुरी मिळते. विशेष बिनकामाच्या सुट्टीला आला, तर पहिल्या आठ तासांना तीस टक्के जास्त. विशेष कामकाजी सुट्टीला मात्र नेहमीचीच मजुरी, आणि घरी बसलात तर ती रजा धरायची. म्हणजे सुट्टी ग्रंथाची, हजेरी तुमची. पवित्र शब्दाची किंमत राज्याने किती लावली, हे प्रस्तावनेतल्या विशेषणांत शोधू नये, पगारपत्रकात पाहावे.

सही करणारे हात कोणाचे होते, तेही पाहण्यासारखे आहे. रोद्रिगो दुतेर्ते यांनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये आदम आणि हव्वेच्या गोष्टीवरून देवाला जाहीर भाषणात मूर्ख ठरवले होते. जुलैत देवाबरोबरचा सेल्फी कुणी दाखवला तर राजीनामा देतो म्हणाले, मग देवाची माफीही मागितली. अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेत पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबानेही हजारो माणसे मारली गेली, आणि त्याच प्रकरणी मार्च 2025 मध्ये त्यांना अटक करून हेगला नेण्यात आले. विधेयकाचे प्रवर्तक होते बॉक्सिंगचे जगज्जेते आणि तेव्हाचे सिनेटर मॅनी पॅकियाव. फाशीची शिक्षा परत आणावी, बायबलची तिला ना नाही आणि खुद्द येशूलाही मृत्युदंड झालाच होता, असा त्यांचा युक्तिवाद. दंडाला पाठिंबा देण्यासाठी दंड भोगणाऱ्यालाच साक्षीला बोलावण्याची ही वकिली, माझ्या मते, ग्रंथ उघडा ठेवून सुचत नाही. पण त्यात विसंगती पाहणाऱ्यांना सत्काराचा प्रघातच कळलेला नाही. सत्कारमूर्तीने हार घालून घ्यायचा, फोटोपुरते हसायचे आणि बोललेच तर दोन शब्द. ग्रंथ बोलू लागला, तर पहिली अडचण व्यासपीठावर बसलेल्यांचीच व्हायची.

हा प्रघात दुतेर्तेंनी पाडलेला नाही. फेब्रुवारी 1937 मध्ये मनिलात कॅथलिकांचे तेहतिसावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक अधिवेशन भरले आणि त्यासाठी टपाल खात्याने खास तिकिटे काढली. सरकारी पैशाने एका चर्चची जाहिरात कशी, असे विचारत फिलिपिन्स स्वतंत्र चर्चचे प्रमुख ग्रेगोरिओ अग्लिपाय सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. का हरले, ते तिकिटातच आहे. आधीच्या आराखड्यात त्यावर मिस्सातला पवित्र चषक यायचा होता. छापून आला तो फिलिपिन्सचा नकाशा, त्यात मनिलाची जागा, आणि अधिवेशनाचे नाव व तारखा. न्यायालयाने म्हटले, यात धर्माचा प्रचार नाही; देशाची जाहिरात होते, पर्यटक येतात, चर्चचा फायदा झाला तर तो ओघाने. निकाल कायद्याने अगदी बरोबर होता, म्हणूनच तो बोचतो. राज्याला धर्म छापता आला, पण चषक पुसल्यावर. 1987 च्या राज्यघटनेत चर्च आणि राज्य यांची फारकत अनुल्लंघनीय ठरवली आहे. त्या भिंतीला फट ठेवून आत जाणाऱ्या ग्रंथालाही तीच अट असते: गाभा बाहेर ठेवून यायचे.

यावर कुणी म्हणेल, एवढे काय बिघडले? कुणाला सक्ती नाही, दंड नाही, दुकान बंद नाही. मान्य. पण जे कुणाला लागत नाही, ते कुणाला उपयोगी तरी कसे पडणार? दुसरे म्हणणे जास्त वजनदार आहे. 2020 च्या जनगणनेत 78.8 टक्के लोक रोमन कॅथलिक निघाले; बहुसंख्यांच्या भावनेचा मान लोकशाहीने राखू नये का? राखावा. फक्त त्याच देशात 6.4 टक्के मुसलमानांच्या दोन्ही ईद नियमित सुट्ट्या आहेत, दुप्पट मजुरीच्या. मग बहुसंख्यांच्या ग्रंथाच्या वाट्याला बिनसुट्टीची सुट्टी यावी, यात मान कोणता? तिसरे म्हणणे, त्यानिमित्ताने लोक वाचतील तरी. पण याच देशात राष्ट्रीय बायबल सप्ताहाच्या घोषणा 1980 च्या दशकापासून होत आल्या. सप्ताहाने वाचन वाढले असते, तर दिवसाची गरज पडली नसती.

आपणही हसताना जरा बेताने हसावे. डिसेंबर 2014 मध्ये लाल किल्ल्याच्या मैदानावर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी गीतेला राष्ट्रीय ग्रंथ घोषित करण्याची मागणी केली. पंतप्रधानांनी ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट दिली, आता औपचारिकता तेवढी उरली, असा त्यांचा सूर होता. त्या औपचारिकतेचा तपशील मनिलात तयार आहे, हवा तर मागवून घ्यावा. जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी तिथली सरकारी कार्यालये नेहमीच्या वेळी उघडतात आणि नेहमीच्या वेळी बंद होतात.